यंदाचे वॉल्ट्झ फार लांबतात

१० मे, शनिवार

तीन लेन्स, दोन हात, एक डोकं — आणि तेही रिकामं! हरलो आज.

जेवणं सुरू झाली आणि लोकांनी चमच्यांनी ग्लास वाजवायला घेतले. म्हणजे नवरा-नवरीनं खुर्चीवर चढून चुंबन घ्यायचं. मी हॉलच्या या टोकाला, कॅमेऱ्यावर पस्तीसची लेन्स. तिच्यातून ते दोघं केकवरच्या बाहुल्यांएवढे दिसत होते. पळत पिशवीकडे, पंच्याऐंशीची चढवली, वळलो — चुंबन संपलेलं, खुर्च्या जागेवर, लोक बटाट्यांवर तुटून पडलेले. म्हटलं ठीक, आता पंच्याऐंशीची तयार आहे, येऊ द्या पुढचं. तर लोक पाय आपटायला लागले! म्हणजे टेबलाखाली जाऊन चुंबन. गेलो मीही टेबलाखाली. तिथं पंच्याऐंशीच्या लेन्समधून काय दिसतं? नवऱ्याच्या बुटाची नाडी. सुरेख, धारदार, कलात्मक नाडी!

माझ्या स्टुडिओच्या मालकीण बोडिलबाई वरून म्हणाल्या, "एस्किल, चर्चमध्ये बरा होतास रे तू. तिथं कुणी हलत नाही."

बाहेर आलो तर समोर स्टेज. स्टेजवर टिल्डे. मांडीवर अकॉर्डियन, पायांत तेच हिरवे बूट. माझ्या केसांत बटाट्यांवरच्या शेपूची काडी होती, ती मला घरी आल्यावर कळली. तिला तेव्हाच दिसली असणार. खालचा ओठ दातांत धरून दुसरीकडे बघत होती.

आणि वॉल्ट्झ! कॉफीनंतर नवरा-नवरी एकदाच नाचतात. पाहुणे टाळ्या वाजवत भोवती रिंगण धरतात आणि पाऊल पाऊल आत सरकतात, शेवटी त्या दोघांना गिरकी सोडा, श्वास घ्यायला जागा उरत नाही. मध्यरात्रीच्या आत, एकदाच, पुन्हा नाही. फ्लॅश मारायचा नाही हा बोडिलबाईंचा कायदा. रिंगण मिटायच्या आत फोटोवाला आत पाहिजे. मी बाहेर — पिशवीत पस्तीसची शोधतोय! वरातीमागून घोडं म्हणतात ते मीच. शेवटी दोन जाड्या बायकांच्या मधून घुसलो, चार फोटो मिळाले. नशीब वॉल्ट्झ लांबला. नवरीचा बाप मान पुसत म्हणत होता, "आमच्या वेळी तर एवढ्यात वॉल्ट्झ संपून नवऱ्याचे मोजे कापायची रीतसुद्धा उरकलेली असायची!"

११ मे

पन्नासच्या लेन्सचं झाकण सापडलं. हॉलवाल्यांनी आणून दिलं. सॉसच्या भांड्यात होतं.

१२ मे

आज बोडिलबाईंनी स्टुडिओत समोर बसवलं. एका बाजूला त्यांची झूम लेन्स — अठ्ठावीसपासून दोनशेपर्यंत, कोपरे झिजलेले, वीस वर्षं गळ्यातली. दुसऱ्या बाजूला चामड्याच्या पेटीत तीन प्राइम, म्हणजे जवळ-लांब न होणाऱ्या लेन्स. पस्तीस, पन्नास, पंच्याऐंशी. एकेकाळी हौसेनं घेतलेल्या.

"माझा गुडघा आता शनिवार सोसत नाही. ऑगस्टपासून लग्नं तू कर. यातलं एक ठेव, एक मी विकते. आलटून पालटून वापर आणि सांग."

"दोन्ही ठेवतो ना."

"म्हणजे दोन्ही पिशवीत आणि नवरी निघून गेलेली. नाही. एक."

त्यांचं मत विचारायची गरजच नाही. "हिनं जवळचं लांबचं सगळं मिळतं. कोपऱ्यात उभं राहा, हात फिरव, खुर्ची की टेबलाखाली — काय फरक पडतो?" मी म्हटलं, पण हॉलमध्ये अंधार असतो, ही लेन्स अंधारात आंधळी, फोटो रव्यासारखे येतात. तर म्हणाल्या, "मी दिवे लावायला सांगते. म्हातारीचं ऐकतात."

माझं कोण ऐकणार?

माल्टेला फोन केला. ऑलबोर्गला माझ्या शेजारी बसायचा, त्यानं कॉलेज सोडलं नाही म्हणून त्याला सगळं कळतं. "झूम म्हणजे आळशांची काठी! प्राइम घे. पायांनी चाल. माणसाजवळ जायला शिकशील." माणसाजवळ जायला! मला! त्याला काय माहीत, मार्चमध्ये टिल्डे पहिल्यांदा दिसली तेव्हापासून मी त्या स्टेजपासून दहा पावलांच्या आत गेलेलो नाही.

पपांचाही फोन. "इंजिनिअर व्हायचं सोडून तीन नळकांड्यांतलं एक निवडतोयस, असं ऐकलं." मी म्हटलं, नळकांडी चार आहेत. फोन ठेवला त्यांनी.

१७ मे, शनिवार

आज झूम. कबूल करतो — सुख! भिंतीला टेकून उभा राहिलो. ग्लास वाजले, हात फिरवला, चुंबन. पाय आपटले, हात फिरवला, चुंबन. भाषणं झाली, बहिणीनं रचलेलं गाणं सगळ्यांनी कागद धरून म्हटलं, सातव्या कडव्याला मामा झोपले — तोही फोटो आहे.

आणि कुणाला न कळता स्टेज इतकं जवळ येतं! अकॉर्डियन उघडताना ती हनुवटी थोडी डावीकडे नेते. सूर चुकला की नाक मुरडते, ओवेकाकाकडे बघते — तिचा काका, शेजारी बसून व्हायोलिन वाजवतो तो. काका चुकला की मात्र वर छताकडे बघते. हे सगळं हॉलच्या दुसऱ्या टोकावरून! जय झूम.

वॉल्ट्झला मात्र बोंब. भिंतीवरून दोनशेला दिसल्या त्या फक्त पाठी. सूट घातलेल्या पाठी, टाळ्या वाजवणाऱ्या पाठी. मध्ये कुठं तरी नवरी असावी. बोडिलबाईंनी येऊन कोपरानं ढकललं, "आत हो, गाढवा!" तेव्हा आत. पुन्हा तेच, वॉल्ट्झ संपता संपेना. नवरा हिरवा पडला होता.

१९ मे

सत्यानाश. बोडिलबाई फोटो बघायला बसल्या. मी कॉफी करत होतो. मग —

"एस्किल, या लग्नात नवरी अकॉर्डियन वाजवत होती का?"

मी कपाटात तोंड घालून साखर शोधली. आम्ही दोघंही साखर घेत नाही.

"नाही, मी आपलं विचारते. हिचे एवढे आहेत. वरमाईचा एक आहे, तोही अर्धा, कारण ती मध्ये आली."

"उजेड स्टेजवर चांगला होता."

"हं. उजेडच म्हणतात हल्ली त्याला."

पुढच्या शनिवारी झूम मिळणार नाही. शिक्षा! मी विसाव्या वर्षी कॉलेज सोडलं ते कुणाची शिक्षा नको म्हणूनच ना!

३१ मे, शनिवार

प्राइम. नवरा उठून बाहेर गेला — लघवीला, दुसरं काय — आणि रीतच आहे, तो खोलीबाहेर गेला की हॉलमधले सगळे पुरुष नवरीचा मुका घ्यायला धावतात. छान फोटो. पण कॅमेऱ्यावर पन्नासची. पन्नासला जवळ जावंच लागतं. जवळ गेलो तो रांगेत अडकलो! मागून एक शेतकरी ढकलतोय, पुढून एक सरकतोय, मी ओरडतोय "मी फोटोवाला, मी फोटोवाला," आणि नवरीनं माझं तोंड दोन्ही हातांत धरून गालावर मुका ठेवून दिला. टाळ्या! हॉलभर!

मागच्या दारात थोडी हवा खायला गेलो. तिथं टिल्डे, गार ताक आणि स्ट्रॉबेरीची वाटी घेऊन. पहिल्यांदा माझ्याशी बोलली!

"कितवा नंबर होता तुझा?"

"मी... मी रांगेत नव्हतो. पन्नासची होती ना."

"पन्नासची? नवरी तर तिशीचीही वाटत नाही."

"लेन्स! लेन्स पन्नासची!"

ती हसत आत गेली. मी तिथंच. यावर मी काय काय म्हणू शकलो असतो ते मला सायकलवर घरी येताना सुचलं. सगळं. ओळीनं.

२३ जून, सोमवार

लिमफ्योर्डच्या काठावर उन्हाळ्याची होळी. सगळं बेट जमलेलं. फळ्यांच्या ढिगावर चिंध्यांची चेटकीण. बोडिलबाईंकडून भीक मागून झूम नेली — "वर्तमानपत्राला हवेत फोटो" असं खोटं सांगून.

वर्तमानपत्र गेलं खड्ड्यात! चेटकीण पेटली, लोक गायला लागले, मी दूर उभा राहून दोनशेला लेन्स ताणली. टिल्डे दिसली. आणि तिच्याजवळ एक उंच माणूस. जवळ म्हणजे चिकटून! खांद्याला खांदा. त्याची हनुवटी तिच्या केसांवर. ज्वाळेचा उजेड दोघांच्या तोंडावर. तो काही तरी बोलला आणि ती हसली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या होळीत जळायला चेटकिणीऐवजी मला ठेवायला हवं होतं, जास्त उजेड पडला असता.

२४ जून

झूम पाण्यात फेकणार होतो. माझी नाही म्हणून वाचली.

२५ जून

बोडिलबाईंपुढे फोटो आपटला. "हे बघा तुमच्या झूमनं काय दाखवलं!"

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग मला माडीच्या खिडकीत नेलं, कॅमेरा हातात दिला. "दोनशेला लाव. चर्चचा मनोरा बघ. काय दिसतं?"

"मनोरा. आणि त्याला चिकटून दूधडेअरीची चिमणी."

"आता कॅमेरा खाली घे."

घेतला. मनोरा आणि चिमणी यांच्यामध्ये अख्खं कब्रस्तान आहे. शाळा आहे. बेकरी आहे!

"लांबून ताणून बघितलं की सगळी माणसं एकमेकांना चिकटलेली दिसतात, मूर्खा. तो उंच माणूस पाण्याच्या पंपाजवळ उभा आहे, पायात रबरी बूट बघ. अग्निशमनवाला आहे. होळीवर लक्ष ठेवायला असतो दरवर्षी. त्याला तीन मुलं आहेत. आणि तो तिच्याशी नाही, पंपावरच्या पोराशी बोलतोय."

मग ती हसली कशाला?

"ते तिला विचार," म्हणाल्या. "पण जवळ जाऊन."

सगळ्यांना तेच! जवळ जा, जवळ जा! मनाला येईल तेव्हा जाईन!

२८ जून, शनिवार

सकाळी ठरवलं — प्राइम. सांगून टाकलं. दुपारी चर्चमध्ये धर्मगुरूंनी ताकीद दिली, वेदीजवळ यायचं नाही. शेवटच्या बाकावरून पंच्याऐंशीची काय करणार? अंगठीचा फोटोच नाही. संध्याकाळी सांगितलं — झूम.

बोडिलबाई म्हणाल्या, "चाळीस वर्षं लग्नं बघतेय. इतक्यांदा मत बदललेली नवरीसुद्धा पाहिली नाही."

२९ जून

प्राइम.

(सांगितलं नाही अजून.)

१९ जुलै, शनिवार

ती जाणार. ऑगस्टअखेर. कोपनहेगनला, संगीत शिकायला. पाच वर्षं!

हॉलच्या पायऱ्यांवर अकॉर्डियनची पेटी घेऊन बसली होती, ओवेकाका गाडी आणायला गेला होता. स्वतःहून म्हणाली, "सोळा ऑगस्टचं लग्न माझं शेवटचं." मग पेटीचा पट्टा आवळत, "तुझं ठरलं का? झूम की त्या तीन?"

तिला माहीत आहे! कुणी सांगितलं? आणि या एका प्रश्नावर मी काय केलं? काहीही बोलता आलं असतं. जाऊ नकोस म्हणता आलं असतं. मी गाडी येईपर्यंत तिला छिद्राचा आकार, अंधारात लागणारा वेळ आणि कडांना येणारा फिकेपणा समजावून सांगितला. कडांना येणारा फिकेपणा!! ती ऐकत होती बिचारी. शेवटी म्हणाली, "म्हणजे ठरलं नाही."

ओवेकाकानं पेटी उचलली, मनगट चोळलं, माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याची गाय चोरलीय. "एकदाचं ठरव रे बाबा काय ते!"

त्याला काय करायचंय माझ्या लेन्सशी? या बेटावर प्रत्येकाला मत आहे. उद्या पोस्टमनही थांबवून विचारेल.

८ ऑगस्ट

उद्याचं लग्न माझं. एकट्याचं. बोडिलबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, पाय उशीवर ठेवून पडल्या आहेत. "उद्याचे फोटो बघून दारावर तुझं नाव लिहायचं की नाही ते ठरवते," म्हणाल्या. प्राइम नेतोय. अंधाराचा हॉल आहे आणि दिवे लावा म्हणायला माझ्याजवळ म्हातारी नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

संपलं. माझं संपलं.

वॉल्ट्झपर्यंत सगळं बरं होतं. खरंच बरं होतं! खुर्चीवरचं चुंबन मिळालं, टेबलाखालचं मिळालं. मग वॉल्ट्झच्या आधी मला काय दुर्बुद्धी झाली — म्हटलं, सुरुवातीला दुरून पंच्याऐंशीनं, मग पस्तीसची लावून आत. संगीत सुरू. पंच्याऐंशीची काढली, काखेत धरली, पस्तीसची लावली — आणि काखेतली सटकली. पडली. घरंगळली! सरळ रिंगणात, बुटांच्या जंगलात!

गेलो मागोमाग. चार पायांवर. नवरीच्या आजीच्या काठीखालून, कुणाच्या तरी गुडघ्यांमधून, "माफ करा, माफ करा" करत. एकानं हातावर पाय दिला. लेन्स सापडली — काचेला या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा. वर उठलो तो थेट मध्यभागी, नवरा-नवरीच्या पदराला — म्हणजे घोळाला — लागून. चहूकडून लोक दाबतायत. मागे जायला जागा नाही. नवरा धापा टाकत म्हणतो, "हे अजून किती वेळ चालणार?" नवरी म्हणते, "मला काय विचारतोस, वाजवणाऱ्यांना विचार!" मी आपला रडकुंडीला येऊन बटण दाबतोय.

आणि स्टेजवर ती हसत होती. ओठ दाबून नाही, तोंडभर! अकॉर्डियन हलत होता इतकी. ओवेकाका तिच्याकडे बघून मान हलवत होता.

हसून घे. हसून घे आणि जा कोपनहेगनला. तिथं रांगणारे फोटोवाले नसतील.

मध्यरात्रीचं निरोपाचं सूप यायच्या आत निघालो. सोमवारी कॉलेजला पत्र टाकतो, घेतलं परत तर ठीक. पपांना आनंद होईल. कुणाला तरी होऊ दे!

१० ऑगस्ट

बोडिलबाईंना कॅमेऱ्याचं कार्ड दिलं आणि खिडकीशी उभा राहिलो. तडकलेली लेन्स टेबलावर ठेवली. त्यांनी ती बाजूला सारली.

खूप वेळ माऊसचा टकटक आवाज. मग, "इकडे ये."

वॉल्ट्झ. आतून. नवरीचं कपाळ नवऱ्याच्या छातीवर, घामानं चिकटलेले केस, आणि भोवती हातच हात — टाळीत मिटलेले, उघडलेले, आजीचा एक काठीवर. दोघंही थकून हसतायत, म्हणजे आता आपण पडणार आणि एकत्र पडणार असं.

"मी असा कधी काढला नाही," म्हणाल्या. "मी कायम दारात."

चांगला आहे. मलाही कळतं. पण त्या हातांच्या मधून, कोपऱ्यात, स्टेज आलंय. पस्तीसमध्ये सगळंच येतं, नको तेही. ती सरळ लेन्समध्ये बघतेय. हसतेय. तेवढं कापून टाका म्हटलं, तर म्हणाल्या, "मुळीच नाही."

कॉलेजचं पत्र लिहिलं. टाकलं नाही.

१३ ऑगस्ट

ठरलं. झूम! शेवटचं, पक्कं. मी भिंतीजवळचा माणूस आहे. पुन्हा कुणाच्या पायांत रांगणार नाही. वॉल्ट्झला पाठी तर पाठी. पाठींचा अल्बम करीन.

बोडिलबाई फक्त म्हणाल्या, "बरं." आणि उरलेल्या दोन प्राइम पेटीत घालून पेटी बंद केली. शनिवारी संध्याकाळी एक माणूस येतोय न्यायला.

वाटलं होतं, भांडतील.

१६ ऑगस्ट, शनिवार

हॉलच्या स्वयंपाकघरात, बटाट्यांच्या पातेल्याशेजारी उभ्यानं लिहितोय, म्हणून अक्षर असं.

वॉल्ट्झला अजून अवकाश आहे. आत्ता ओवेकाका कॉफी घ्यायला आला. मनगटाला पट्टी. गळ्यातली झूम बघितली आणि दोन्ही हात जोडले त्यानं.

"घेतलीस? एकच? देवाची कृपा! आता तरी वेळेवर आत जाशील. अरे, मे महिन्यापासून दर शनिवारी माझं मनगट तोडलंय या पोरीनं. वॉल्ट्झ संपवायला गेलो की कानाशी येते — थांबू नका काका, तो अजून बाहेरच आहे, पिशवीत काही तरी शोधतोय. आणखी एक फेरी."

बोडिलबाईंना फोन केला. पेटी विकू नका म्हटलं. "माणूस दारात उभा आहे," म्हणाल्या. मग "नाही विकायची" म्हणाल्याचा आणि दार लावल्याचा आवाज आला.

झूम बटाट्यांशेजारी ठेवलीय. स्टेजकडे जातोय. वॉल्ट्झच्या आधी.